उत्तर: शनिवारचा सिनेमा – वीव्हरबाई एकाच भूमिकेची नटी?

वि. (मस्कत)

नमस्कार मंडळी,

चवथीला गावी येणाऱ्यांसाठी पणजीत जो सिनेमा ठेवलाय तो 'एलियन' आहे हे वाचून नवल वाटलं. सिनेमा चांगला, वाद नाही. पण सोबतच्या टिपणात सिगर्नी वीव्हरला 'थोर अभिनेत्री' म्हटलंय ते अंमळ जास्तच. बाई १९७९ मध्ये या सिनेमाची नायिका रिप्ली झाली, मग पुढच्या भागांत १९८६, १९९२ आणि १९९७ मध्ये पुन्हा रिप्लीच. एकाच शालूवर चार लग्नं! त्यापेक्षा एखादं संगीत नाटक दाखवा.

सु. (फोंडा)

वि. भाऊ, ते टिपण माझंच, तेव्हा उत्तर मलाच द्यायला हवं.

मधलं १९८८ साल तुम्ही गाळलंत. 'गोरिलाज इन द मिस्ट'मधली गोरिलांची अभ्यासक डायन फॉसी आणि 'वर्किंग गर्ल'मधली सेक्रेटरीची कल्पना ढापणारी साहेबीण, अशा दोन भूमिकांसाठी तिला एकाच वर्षी ऑस्करची दोन नामांकनं होती. दोन्ही हुकली, गोल्डन ग्लोब मात्र दोन्ही मिळाले. १९८६ च्या रिप्लीलाही ऑस्करचं नामांकन होतं.

पण मला बोलायचंय ते पहिल्या रिप्लीबद्दल. पटकथेत ती बाई म्हणून लिहिलेलीच नव्हती. अंतराळयानावरचं कुठलंही पात्र बाईने करावं की पुरुषाने, हे मोकळं सोडलं होतं. वीव्हर तेव्हा नाटकातली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नाट्यशिक्षण घेतलं, तिथे शिक्षकांनी 'तुझ्यात काही नाही' म्हणून खच्ची केल्याचं तिनेच सांगितलंय. 'एलियन'आधी 'ॲनी हॉल' सिनेमात दिसली ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत. त्यामुळे १९७९ च्या प्रेक्षकाला वाटणार, वाचणार तो कप्तानच. आणि ही बाई सुरुवातीला करते काय? नियम सांगते! सहकाऱ्याच्या तोंडाला परग्रहावरचा प्राणी चिकटलाय, सगळे दार उघड म्हणतायत, आणि ही चोवीस तासांच्या विलगीकरणावर अडून बसते. आपल्याकडे शूर बाई म्हटली की पहिल्या प्रवेशातच आरडाओरडा. जत्रेच्या नाटकात मीही तेच करायचे.

हो, मी सलग पाच वर्षं आनंदीबाई केलीय. म्हापशाच्या बाजारात मासळीवाली अजून हाक मारते, "आनंदीबाय, इसवण जाय?" मला त्याचा कधी राग आला नाही. त्या नावावरच तर सहाव्या वर्षी समितीकडे हट्टाने विनोदी मोलकरीण मागून घेतली. नाव नसतं तर कोण देणार होतं? वीव्हरनेही रिप्लीच्या जिवावर हेच केलं, म्हणून तर सांगते.

क. (लंडन)

थोडी भर घालतो. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या ड्रुरी लेनच्या थिएटर रॉयलमध्ये तिने शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' नाटकातला प्रॉस्परो केला, वयाच्या ७५ व्या वर्षी. समीक्षकांनी झोडपलं. मी पाहिलं, मलाही बेताचंच वाटलं. पण पुरुषाची भूमिका बाईने करायची, हे तुमच्या रिप्लीच्या मुद्द्याशी जुळतं. आपल्या आजोबांच्या पिढीत गावोगावी पुरुषच नऊवारी नेसून उभे राहायचे, त्याची परतफेड म्हणा! आणि २०२२ च्या 'अवतार'मध्ये ती चौदा वर्षांची पोर झालीय, हे विसरू नका.

वि. (मस्कत)

अर्धी माघार घेतो. साहेबीण मी पाहिली होती, ती हीच हे लक्षातच आलं नाही. नटीला हे श्रेय की दोष, ते तुम्हीच ठरवा. पण सु. ताई, तो प्राणी माणसाची छाती फोडून बाहेर येतो, त्या प्रसंगाचं काय? जेवण आधी की नंतर? आणि पोरं असणार ना?

सु. (फोंडा)

जेवण आधी, पण सोलकढी नको, रंग वाईट. पोरांना शेजारच्या खोलीत 'घोस्टबस्टर्स' लावून देऊ.

त्यातही तीच आहे, आताच सांगून ठेवते.