पारसनीस आणि इतर ‘नीस’

पारसनीस हे आडनाव पारशांवरून आलं का? मराठी घराण्यांत ते कसं?

– पारशांवरून नाही. मूळ शब्द ‘फारसीनवीस’. फारसीत नवीस म्हणजे लिहिणारा. मोगलांशी, निजामाशी पत्रव्यवहार फारसीतून चाले, त्यामुळे आलेले खलिते वाचून धन्याला मराठीत सांगणारा आणि त्यांना तितक्याच अदबीने उत्तर लिहिणारा माणूस मराठी दरबारात लागेच. काम बापाकडून मुलाकडे जाई. दोन-तीन पिढ्यांत जुनं आडनाव मागे पडे आणि हुद्दाच चिकटे. पुढे कंपनी सरकारने १८३७ साली कारभारातून फारसी उठवली. काम गेलं, आडनाव राहिलं. झाशीच्या राणीचं चरित्र लिहिणारे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस (१८७०–१९२६) याच आडनावाचे.

आता ‘फ’चा ‘प’ कसा? खरं तर ‘प’च आधीचा. इराणातल्या पार्स प्रांतावरून भाषेला नाव मिळालं. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पार्सचं फार्स झालं आणि आपल्याकडे फारसी आली. मराठी जिभेने नकळत जुना ‘प’ परत बसवला. पारशी हा शब्दही त्याच पार्सचा. म्हणजे शब्दांचं गोत्र एक, माणसांचं नाही.

मग चिटणीस, पोतनीस वगैरे?

– सगळी याच पठडीतली. चिटणीस चिठ्ठ्यापत्रांचा, पोतनीस खजिन्याचा, पागनीस पागेचा. शिवकाळात किल्ल्यावर हवालदाराच्या जोडीला सबनीस आणि कारखानीस असत. हजेरी आणि जमाखर्च सबनीसाकडे, कोठार कारखानीसाकडे. किल्ला एकट्याच्या मुठीत जाऊ नये म्हणून ही वाटणी, आणि ती पक्की होती! टिपणीसात तर टिपण आपलं, नीस फारसीचा. ‘ण’ आणि ‘न’ शेजारी आले आणि ‘न’ गळाला. तिकीट तपासनीसातही हाच नीस. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी सरकारी कागदपत्रं तपासणाऱ्या सुरनीसाचा सचिव झाला, राजाची रोजनिशी ठेवणाऱ्या वाकनीसाचा मंत्री झाला. हुद्द्यांना संस्कृत नावं मिळाली, पण वाकनीस आडनाव अजून ऐकू येतं.

माझ्या माहितीतले चिटणीस सीकेपी आहेत. सगळे चिटणीस सीकेपीच का?

– नाही. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी सीकेपी होते, म्हणून तसं वाटतं. पण चिटणीस प्रत्येक दरबाराला लागे. सातारा, कोल्हापूर, नागपूर, बडोदा, जिथे गादी तिथे फड म्हणजे कचेरी, आणि जिथे फड तिथे नीस. त्यामुळे एकाच आडनावाची, एकमेकांशी काडीचंही नातं नसलेली घराणी निरनिराळ्या जातींत सापडतात. नाना फडणवीस मूळचे भानू, कोकणस्थ. म्हणून अशा आडनावांत नुसतं आडनाव विचारून भागत नाही. मूळ आडनाव, गाव, कुलदैवत विचारावं, तेव्हा कुठे धागा लागतो.

फडणीस आणि फडणवीस वेगळे का?

– शब्द एकच. नागपूरकडे ‘नवीस’ बराच टिकला, तिथे चिटणवीसही भेटतात; पुण्या-साताऱ्याकडे बोलण्यात ‘व’ गळून गेला. एकाच घराण्याच्या जुन्या कागदांत दोन्ही रूपं दिसली तर बिचकू नये.