धरणाचं थांबलेलं पाणी आणि माशातला पट्टकृमी
काही जण म्हणतात की धरणामुळे माशांची ये-जा थांबते म्हणजे परजीवीही कमीच होणार. हे अर्धंच खरं आहे, ज्या परजीवींना वाहतं पाणी किंवा स्थलांतर करणारा मासा लागतो ते घटतात, पण जलाशयातल्या संथ पाण्यात गोगलगायी आणि कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव) वाढले की त्यांच्यातून माशात शिरणाऱ्यांचं फावतं. लिग्युला नावाचा पट्टकृमी बघा, पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, त्यातली अळी कोपेपॉड खातो, कोपेपॉडला मासा खातो आणि माशाला पाणकावळा.

मी जलाशयातला असा एक मासा कापलाय, पोट टम्म फुगलेलं, वाटलं गाभोळी असेल, तर आत पांढरी चपटी फीत घड्या घालून बसलेली, तीही आतड्यात नाही, बाहेर पोटाच्या पोकळीत! गाभोळी जवळपास नव्हतीच, कारण हा कृमी माशाची प्रजननग्रंथीच वाढू देत नाही, आणि असा मासा बरेचदा वरवर पोहतो, त्यामुळे पक्ष्याला आयताच सापडतो. त्यामुळे जलाशयात मत्स्यबीज सोडताना नुसती संख्या मोजून भागणार नाही, अधूनमधून चार मासे कापून आत बघायलाच हवं.