पुण्याभोवतीची खासगी राने फिरणाऱ्यांसाठी खुली व्हावीत का?

मूळ मत

पावसाळी रविवारी पुण्याहून निघालेला जवळजवळ प्रत्येक जण सिंहगड, ताम्हिणी किंवा लोणावळा गाठतो आणि तिथल्या वाटा, ओढे व गावकरी यांच्यावर तो सगळा भार पडतो. मुळशी, वेल्हे, भोर या भागांत मात्र ऐन, हिरडा, जांभूळ, अंजनीची कितीतरी राने खासगी मालकीची आहेत आणि कुंपणापलीकडे कोणाला पाऊल टाकता येत नाही. या मालकांनी निदान एखादी पाऊलवाट लोकांसाठी मोकळी करावी, म्हणून शासनाने त्यांना उत्तेजन द्यावे, असे मला मनापासून वाटते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात चालणे, मासेमारी, शिकार अशा गोष्टींसाठी वर्षभर जमीन खुली ठेवणाऱ्या मालकाला तिच्या करआकारणीत २० टक्के जादा सूट मिळते. विस्कॉन्सिनमध्येही खुल्या रानाला बंद रानापेक्षा कमी कर पडतो. आपल्याकडे असे का होऊ नये?

प्रतिसाद : मुळशीतील जमीनमालक

आपली तळमळ समजली, पण करसवलत आम्हाला कशावर देणार? आमचा शेतसारा नाममात्र आहे आणि शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. आम्हाला भीती आहे ती सातबाऱ्याची. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खासगी वने शासनाकडे गेली. पुढे लहान खातेदारांना १२ हेक्टरांच्या मर्यादेत जमीन परत देण्याची तरतूद झाली, तरी सातबाऱ्यावरच्या ‘खासगी वन’ अशा नोंदींपायी लोकांनी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. मुंबईतील अशाच जमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये मालकांच्या बाजूने निकाल लागला, पण तोवर जवळजवळ चार दशके उलटली होती. ज्याने हे पाहिले आहे तो ‘माझ्याकडे रान आहे, या’ असे जाहीरपणे कसा म्हणेल?

दुसरी भीती वणव्याची. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका मंडळींना आम्ही विश्वासाने आत सोडले. त्यांनी चूल मांडली, निखारे तसेच टाकले आणि निघून गेले. गवत वाळलेले होते. वडिलांनी हाताने पाणी घालून वाढवलेले हिरडे एका दुपारीत गेले.

प्रतिसाद : दिवाणी वकील

‘एकदा वाट दिली की वहिवाट पडते’ हा समज मी अशिलांकडून नेहमी ऐकतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याचा असा हक्क मिळण्यासाठी २० वर्षे अखंड आणि हक्क म्हणून वापर व्हावा लागतो. मालकाच्या परवानगीने झालेला वापर हक्क म्हणून झालेला ठरत नाही. म्हणजे तोंडी, ढिलाईने चालू दिलेली वाट धोक्याची आणि दरवर्षी लेखी दिलेली, मुदतीची परवानगी सुरक्षित. खरी उणीव वेगळीच आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत पैसे न घेता जमीन खुली ठेवणाऱ्या मालकाला, येणारा घसरून पडला तर भरपाईच्या दाव्यापासून बऱ्याच अंशी संरक्षण आहे. महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही, म्हणून करसवलतीऐवजी आधी तो मागावा.

प्रतिसाद : पक्षिनिरीक्षक

मला ही कल्पनाच मान्य नाही. जी राने आज टिकून आहेत, ती बंद आहेत म्हणून टिकली आहेत. आपल्या पूर्वजांनी देवराईत काटकीही तोडू दिली नाही, म्हणून आज तिथे शेकरू दिसते. सह्याद्रीतले बेडूक पावसाळ्यात पालापाचोळ्यात आणि ओढ्याकाठी अंडी घालतात आणि नेमके तेव्हाच शहर तिथे लोटते. उतारावरची वाट शेकडो पावलांनी घट्ट झाली की पाणी मुरत नाही, माती वाहते आणि दोन-चार पावसाळ्यांत वाटेची घळ होते. शिवाय लोणावळ्यात भुशी धरणाजवळ जून २०२४ मध्ये एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तो दिवस विसरता येत नाही. असा प्रसंग एखाद्या शेतकऱ्याच्या रानात घडावा का?

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

पावसाळ्याबाबत आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. त्या चार महिन्यांत राने बंदच असावीत आणि देवराया या मागणीतून वगळाव्यात. करसवलतीचा माझा आग्रहही मी मागे घेतो. पण सगळेच बंद ठेवले तर गर्दी नाहीशी होत नाही, ती त्याच तीन-चार ठिकाणी साचत राहते. सिंहगडावर वाहनांकडून उपद्रव शुल्क घेतले जाते, तरी रविवारची गर्दी ओसरत नाही. आणि ज्या मुलाने रान कधी पाहिलेच नाही, त्याने ते वाचवण्यासाठी उद्या उभे राहावे, ही अपेक्षा मला अवघड वाटते.

प्रतिसाद : मुळशीतील जमीनमालक

मग माझ्या अटी लिहून ठेवतो. दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत, आठवड्यातून दोन दिवस, एका वेळी वीस जण, सोबत गावातलाच वाटाड्या आणि त्याची मजुरी येणाऱ्यांनी द्यायची. चूल, काडेपेटी, सिगारेट आत नको. वकीलसाहेब म्हणतात तसा लेखी परवाना दरवर्षी नवा. दाव्यापासून संरक्षण देणारा कायदा आणि सातबाऱ्यावर यामुळे कोणतीही नोंद होणार नाही असा शासन निर्णय, हे दोन कागद ज्या दिवशी हातात येतील, त्या दिवशी वरच्या बाजूचे फाटक मी उघडेन. खालच्या ओढ्याकडे मात्र कोणालाही जाऊ देणार नाही.