मदत हवी आहे: लेगोमध्ये बॉम जेझसचा दर्शनी भाग, गोल खिडक्या आणि आयएचएस

आगाशीकर
जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकेचा फक्त दर्शनी भाग करायचा आहे. 32 × 32 ची बेसप्लेट आणि भिंत पूर्ण 32 स्टड (विटेवरचे गोल उंचवटे) रुंद. मूळ मुख 75 फूट रुंद, 78 फूट उंच धरलं आहे. 20 विटांच्या वर गेलं की भिंत मागे झुकते. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन गोल खिडक्या पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. शिरोभागातलं आयएचएस (येशूच्या नावाची IHS ही अक्षरं) 1×1 टाइलने, म्हणजे वर स्टड नसलेल्या गुळगुळीत तुकड्यांनी, केलं तर 9 स्टड रुंद होतं, तेवढी जागा नाही. भिंतीला रेडिश ब्राउन आणि खांबांना डार्क ब्लुइश ग्रे घेतलं आहे, रंगाबद्दलही सांगा.

चिरेबंदी
आधी प्रमाण. 32 स्टड म्हणजे 256 मिमी, म्हणजे साधारण 1:89. त्या हिशोबाने उंची 266 मिमी, विटेची उंची 9.6, म्हणून 28 विटा. समोरून काढलेल्या फोटोवर जाळी आखताना चौरस खण घेऊ नका. वीट 8 मिमी रुंद आणि 9.6 उंच, म्हणून खण 5:6 हवेत. चौरस खणांवर मोजलेलं चर्च बांधल्यावर उंच आणि सडपातळ होतं, ही चूक फार होते.

भिंत झुकते कारण ती एक स्टड जाड आहे आणि बेसप्लेट लवचीक आहे. भिंत दोन स्टड जाड करा, पुढची-मागची रांग दर चौथ्या थराला 2×4 विटांनी आडवी बांधा, मागे दर 8 स्टडला 4 स्टड खोलीचा आधार द्या. बेसप्लेटखाली 6 मिमी प्लायवूड हवंच. नाहीतर उचलताना ती वाकते आणि पहिला थर सुटतो.

जांभा
रेडिश ब्राउन योग्य, पण एकच रंग सपाट दिसतो. दहा विटांत दोन डार्क ऑरेंज, एक डार्क रेड, विखरून. जुन्या तपकिरी आणि गडद लाल विटा ठिसूळ असतात, दाबताना चिरतात. सुमारे 2015 पूर्वीचा माल असेल तर वजन येणाऱ्या जागी वापरू नका. खांबांना डार्क ब्लुइश ग्रे बरोबर आहे. तो काळा दगड वसईहून आणलेला, जांभ्यापेक्षा वेगळा दिसायलाच हवा. जंपर प्लेटवर (मध्यावर एकच स्टड असलेला पातळ तुकडा) बसवून खांब अर्धा स्टड पुढे काढा, 4 मिमी सावली पुरते.

एक ठरवून घ्या. 1950च्या दशकात भिंतींवरचा चुन्याचा गिलावा काढला, म्हणून आज जांभा उघडा दिसतो. 1605 साली अभिषेक झाला तेव्हाचं चर्च करायचं असेल तर तपकिरी नको, गिलाव्याचा पांढरा हवा. दोन्ही मिसळू नका.

चिरेबंदी
गोल खिडकी: 4×4 गोल प्लेट, तिच्यावर चार 2×2 मॅकरोनी टाइलचं (पाव वर्तुळाच्या टाइल) कडं, मध्ये काळी 2×2 गोल टाइल. ही चकती उभी बसवायची. 4 स्टड म्हणजे 32 मिमी, म्हणजे बरोबर 10 प्लेट (प्लेट विटेच्या एक तृतीयांश उंचीची, 3.2 मिमी). म्हणून पुढच्या रांगेत 4 स्टड रुंद, 10 प्लेट उंच पोकळी ठेवा. मागच्या रांगेत, मधल्या दोन उभ्या ओळींत, बाजूला स्टड असलेल्या 1×1 विटा लावा. चकती 6.4 मिमी जाड होते, म्हणजे भिंतीच्या 1.6 मिमी आत राहते. चारही कोपऱ्यांत मागची रांग डोकावते, तीही जांभ्याच्याच रंगाची घ्या.

आगाशीकर
10 प्लेट मोजूनही चकती खालच्या कडेला अडते, वर फट राहते.

चिरेबंदी
विटा खाली आणि प्लेट वर लावल्या असणार. विटेच्या बाजूचा स्टड मध्यावर नसतो: वरच्या कडेपासून 4 मिमी, खालच्यापासून 5.6. त्यामुळे वरून मोजायचं: वीट, 2 प्लेट, वीट, 2 प्लेट. उलट केलं की चकती 6.4 मिमी खाली सरकते.

अक्षरजुळणी
आयएचएससाठी प्लेटा कडेवर उभ्या करा. एक प्लेट 3.2 मिमी, म्हणजे 9 उभ्या थरांत तीनही अक्षरं, दहावा थर 1×6 टाइल. एकूण बरोबर 4 स्टड. उंची 6 स्टड म्हणजे 5 विटा. शिरोभागातली ती पाटी काळ्या दगडाची आहे, म्हणून मागचा रंग गडद राखाडी, अक्षरं फिकट राखाडी. अक्षर वरचे 5 स्टड, सहावा कायम गडद.

थर 1: फिकट 1×4 आणि 1×1, खाली गडद 1×1. थर 2: अखंड गडद 1×6, हाच सगळं धरून ठेवतो. थर 3 आणि 5 पहिल्यासारखे, थर 4 मध्ये फक्त तिसरा स्टड फिकट. थर 6 पुन्हा अखंड गडद. थर 7: वरचे तीन फिकट, चौथा गडद, पाचवा फिकट. थर 8: पहिला, तिसरा, पाचवा फिकट. थर 9: पहिला फिकट, दुसरा गडद, तिसरा ते पाचवा फिकट.

स्टड उजवीकडे ठेवा, नाहीतर अक्षरं आरशातली होतात. पाटी डाव्या खांबातल्या उजवीकडे तोंड केलेल्या तीन स्टडांवर बसते, तिथेही वरून वीट, 2 प्लेट हाच क्रम तीनदा. टाइल दाबताना उलट बाजूने बोट धरा, आठव्या थरातल्या सुट्या 1×1 नाहीतर तिरक्या होतात.

आगाशीकर
क्रम उलटा होता, चकती बसली. पाटीचे तुकडे मोजतो आहे.