समिती येऊन गेल्यानंतरचे गाव: विदर्भातील काही अनुभव

संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर आपल्यापैकी अनेकांच्या गावांनी या ना त्या स्पर्धेत भाग घेतला. तपासणी समिती येऊन गेल्यावर गावात काय टिकले आणि काय टिकले नाही, एवढेच प्रत्येकाने लिहावे, ही विनंती.

निवृत्त शिक्षक, दर्यापूर तालुका:
गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. बाबांना खराटा घेऊन रस्ता झाडताना लहानपणी पाहिलेली माणसे तेव्हा आमच्या गावात हयात होती, त्यामुळे लोकांची मने वळवावी लागली नाहीत. अडचण आली ती मातीची. सांडपाण्यासाठी आम्ही घरोघरी शोषखड्डे खोदले, त्यांत दगड, विटांचे तुकडे आणि वाळू भरली व समितीने त्याचे गुणही दिले. परंतु खारपाणपट्ट्यातील काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मे खड्डे तुंबले. मुरमाड जमिनीच्या गावात पाहिलेली पद्धत आम्ही आपली माती न पाहता उचलली होती. पुढे न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी जाळीतून गाळून परसातील केळी व अळूकडे वळवले. त्याला गुण मिळाले नाहीत, पण आज चालू आहे ते हेच काम.

बचत गटाच्या सदस्या, वरुड तालुका:
पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी निवडलेल्या पहिल्या तीन तालुक्यांत आमचा वरुड होता. संत्र्याच्या बागा जगवण्यासाठी बोअर दरवर्षी अधिक खोल जात होते, म्हणून ऐन उन्हाळ्यात पहाटे टिकास, पावडे आणि घमेली घेऊन आम्ही बाया पावसाचे पाणी अडवून मुरवणारे सलग समतल चर टेकडीवर, उताराला आडवे, खोदायला जात असू. बक्षीस आले नाही आणि त्याचे मला फार वाईट वाटले. मात्र चर खोदून काम संपत नाही, त्यांत साचलेला गाळ दरवर्षी पावसाआधी काढावा लागतो. तिसऱ्या वर्षी त्या कामाला आम्ही अकराच जणी उरलो होतो. स्पर्धेच्या नियमांतच पुढील वर्षांची देखभाल मोजली जावी, असे मला मनापासून वाटते.

ग्रामपंचायत सदस्य, भंडारा जिल्हा:
आम्ही बराचसा निधी भिंती रंगवण्यावर खर्च केला. दोन पावसाळ्यांत रंग उडाला.

शेतकरी, पुसद तालुका:
रस्त्याकडेचे उकिरडे हलवणे हे आमच्या गावातील सर्वांत कठीण काम होते, कारण उकिरडा म्हणजे शेतकऱ्याचे खत आणि ते घरापासून दूर नेण्यास कोणीच तयार नव्हते. टाक्यात खत करण्याची नाडेप पद्धत आमच्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी घालून दिलेली. तिच्याप्रमाणे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेली विटांची टाकी आम्ही बांधली, तेव्हा कमी शेणात अधिक खत होते हे लोकांना दिसले आणि उकिरडे आपोआप उठले. माझे टाके यंदा तुरीच्या पालापाचोळ्याने भरून मागच्याच आठवड्यात शेणमातीने लिंपले आहे.