ब्रिस्टलची बंदराकाठची कॅरॅव्हॅन साइट खरंच जाणार का?

पायरीवरचा_चहा

नमस्कार मंडळी, इंग्लंडात कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) किंवा मोटरहोम (आतच राहायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरणाऱ्यांसाठी प्रश्न आहे, पण बाकीच्यांनीही लिहिलं तर हवंच आहे.

ब्रिस्टलला बाल्टिक व्हार्फ म्हणून कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लबची साइट आहे, अगदी शहरात, फ्लोटिंग हार्बरच्या म्हणजे जुन्या बंदराच्या पाण्याला लागून. ती बंद होणार होणार असं कित्येक वर्षं ऐकतेय, दर वेळी मुदत थोडी पुढे जाते आणि आपण परत धास्तावून बुकिंग बघायला लागतो. जागा कौन्सिलची, क्लबकडे ती भाडेकरारावर, आणि कौन्सिलच्याच घरबांधणी कंपनीला म्हणजे गोरॅम होम्सला तिथे १६६ घरं बांधायचीयत, इतपत मला कळलंय.

मला एवढं का लागलंय ते सांगते. आमच्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. इकडे आल्या की कुठेही जायचं म्हटलं तर त्यांचं एकच, "तुम्ही बघून या, मी बसते गाडीत." मागच्या वेळी आम्ही या साइटवर दोन रात्री राहिलो. सकाळी त्या मोटरहोमच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसल्या होत्या, समोर पाणी, पलीकडच्या चढावर निळी पिवळी गुलाबी घरं, मधून ती छोटी फेरी बोट गेली आणि बोटीतल्या एका मुलाने त्यांना हात केला. चहा संपला, त्या आत गेल्या आणि स्वतःहून बूट घालून आल्या. आम्ही कोणी काही म्हटलं नव्हतं. तिथून एसएस ग्रेट ब्रिटन जहाजापर्यंत चालत गेलो, वाटेत जिथे बाक दिसला तिथे बसलो, एरवी दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता असेल, आम्हाला पाऊण तास लागला, लागू दे. जहाजाच्या खाली गोदीत उतरता येतं तिथे काचेचं छत आहे आणि त्याच्यावर पाणी, आपण खालून जहाजाचा गंजलेला तळ बघतो. सासूबाई बराच वेळ वर बघत उभ्या होत्या.

साइट शहराबाहेर असती तर हे झालं नसतं, बसस्टॉपपर्यंत जायचं म्हटल्यावरच त्या गाडीत बसून राहिल्या असत्या.

आता त्या परत येतायत. तर विचारायचं असं की ही साइट खरंच जाणार का, आम्ही ब्रिस्टलचे नाही तरी हरकत नोंदवली तर कोणी विचारतं का, आणि गेलीच तर असं चालत शहरात जाता येईल असं दुसरं काय आहे?

हुक_आणि_दोर

ताई, तुमचं वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आम्ही दोघं रिटायर झाल्यापासून कॅरॅव्हॅन ओढतोय, बाल्टिक व्हार्फला चार-पाच वेळा तरी झालं असेल. पहिल्यांदा गेलो तेव्हा धो धो पाऊस, अंधार पडलेला, मला कॅरॅव्हॅन रिव्हर्स जमेना, माझा अंदाज चुकत होता आणि मागे झाड. साइट सांभाळणारा वॉर्डन रेनकोट घालून टॉर्च घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, हुक सोडा, हाताने ढकलू. तो, मी आणि शेजारच्या पिचवरचे (गाडी लावायच्या जागेवरचे) एक आजोबा, तिघांनी ढकलून बसवली. दुसऱ्या दिवशी त्या आजोबांकडे आम्ही पोहे दिले. हे सांगायचं कारण म्हणजे ही नुसती पार्किंगची जागा नाहीये, पण कागदावर मात्र ती तशीच दिसते, मोकळी जमीन आणि त्याच्यावर थोडे विजेचे खांब.

दुसरी एक गोष्ट घरं बांधणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मोटरहोम शहरात न्यायची कुठे? मल्टीस्टोरी पार्किंगला उंचीचा दांडा साधारण दोन मीटरच्या आसपास असतो आणि आपली गाडी तीन मीटरच्या जवळ जाते. रस्त्याकडेच्या पार्किंगच्या खुणा लहान गाड्यांच्या मापाच्या. पार्क अँड राइडला (शहराबाहेर गाडी लावून बसने जायची जागा) रात्री झोपू देत नाहीत. म्हणजे शहरातली साइट गेली की मोटरहोमवाला शहरातच येत नाही, तो बायपासवरून पुढे निघून जातो. त्याचे जे पैसे जहाजाच्या तिकिटावर, फेरीवर, बंदरावरच्या खाण्यावर गेले असते ते जात नाहीत. ऑगस्टमधल्या बलून फिएस्टाला, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांच्या जत्रेला तर या साइटवर जागा मिळणं म्हणजे नशीबच.

आणि पुराचं बोला की. ती सगळी जागा पाण्याच्या काठावर. उद्या इशारा आला तर मी हुक लावून अर्ध्या तासात बाहेर, १६६ घरं कुठे नेणार? हे मी हरकतीत लिहिलंय.

भाड्याची_खोली

मी ब्रिस्टलमध्येच राहतो म्हणून वेगळी बाजू लिहितो, राग मानू नका. सहा वर्षांत चौथं घर आहे माझं, दर वेळी घरमालकाला घर विकायचं असतं नाहीतर भाडं वाढवायचं असतं. आता मुलगी शाळेत जायला लागली, यावेळी शाळेच्या जवळ काही मिळालंच नाही, दोन बस बदलून सोडतो तिला. कौन्सिलच्या घरांच्या यादीत हजारो कुटुंबं आहेत. त्या १६६ मधली ४० टक्के म्हणजे ६६ घरं परवडणारी असणार असं ठरलेलं आहे, आणि जमीन कौन्सिलची स्वतःची असल्यामुळेच हा आकडा शक्य होतो, खासगी बिल्डर एवढी सहसा देत नाही. तुम्ही दोन रात्रींसाठी येता, मला इथे आयुष्य काढायचंय. पायरीवरच्या चहाचं मलाही पटतं, पण ६६ कुटुंबांना रोज तसा चहा मिळणार असेल तर?

अजून एक. या शहरात शेकडो लोक व्हॅनमध्ये आणि जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये रस्त्याकडेला राहतात, हौस म्हणून नव्हे, भाडं झेपत नाही म्हणून. डाउन्स म्हणून मोठं मोकळं मैदान आहे, त्याच्या बाजूला मी रांगाच पाहिल्यात. कॅरॅव्हॅनवर बोलताना त्यांचं कोणीच बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

पूररेषा

मी सिव्हिलवाला, पूर आणि प्लॅनिंग यातच काम करतो (हा प्रकल्प माझ्याकडे नाही) म्हणून दोन्हीकडच्या मुद्द्यांवर लिहितो, जरा लांबेल.

हुक_आणि_दोर काका, तुमचा "हुक लावून बाहेर" हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो पण इंग्लंडच्या प्लॅनिंगच्या नियमात तसा चालत नाही. पुराच्या दृष्टीने किती नाजूक त्याप्रमाणे जागांचे गट पाडलेत, त्यात सुट्टीसाठीच्या कॅरॅव्हॅन साइट राहत्या घरांच्याच गटात येतात, वर इशारा आणि बाहेर काढण्याची ठरलेली योजना पाहिजे अशी अट. कायमच्या राहण्याच्या कॅरॅव्हॅन तर त्याच्याही पुढच्या, जास्त नाजूक गटात. कारण सरळ आहे, पाणी रात्रीही येऊ शकतं, माणसं झोपलेली असतात आणि कॅरॅव्हॅन तरंगायला लागते. म्हणूनच क्लबने पर्यायी जागा म्हणून क्लॅनेज रोडची पोलिसांची जुनी घोडे आणि कुत्री शिकवायची जागा धरली तेव्हा तिथेही एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने (पूर आणि पर्यावरण बघणारी सरकारी संस्था) पुरावरून हरकत घेतली आणि प्रकरण थेट सरकारकडे गेलं. म्हणजे जुन्या जागेवरून उठा म्हणतात आणि नवीन जागा मिळत नाही, गुंता आहे तो इथे. मला विचाराल तर पर्यायी जागा पक्की केल्याशिवाय जुनी हलवायला काढायलाच नको होती.

आता घरांबद्दल. १६६ घरांवरही एजन्सीची हरकत पुराचीच होती. ब्रिस्टलचं पाणी साधं नाही. एव्हन नदीच्या मुखाशी मोठ्या भरतीला आणि ओहोटीला पाण्याच्या पातळीत १२ मीटरच्या वर फरक पडतो, जगात फार थोड्या ठिकाणी एवढा पडतो. पूर्वी ओहोटीला बंदरातली जहाजं चिखलात कलंडायची, म्हणून १८०४ ते १८०९ मध्ये नदीला बाजूने नवीन पात्र खणून मूळ पात्र दारं लावून बंद केलं, त्यातून हे स्थिर पाण्याचं फ्लोटिंग हार्बर झालं. बाल्टिक व्हार्फची जागा या दोन पाण्यांच्या मधल्या पट्टीवर आहे, एका बाजूला हार्बर, दुसऱ्या बाजूला भरतीचं पाणी वाहणारा न्यू कट, म्हणजे ते खणलेलं नवीन पात्र. समुद्राची पातळी वाढत जाणार तसा धोका वाढतच जाणार, आणि घर शंभर वर्षांचा हिशोब धरून बांधायचं असतं. पहिला प्रश्न विचारतात तो असा की यापेक्षा कमी धोक्याची जागा शहरात आहे का, असेल तर तिथे बांधा. तो प्रश्न सुटला तरी पुढे बघतात की लोक सुरक्षित राहतील का, पाणी भरलं असताना घराबाहेर पडायला कोरडी वाट आहे का.

मोठा प्रकल्प असेल, एजन्सीची हरकत कायम असेल आणि तरी कौन्सिलला मंजुरी द्यायची असेल, तर आधी मंत्र्यांकडे कळवावं लागतं. तारखा पुढे पुढे जातात त्या बऱ्याचशा अशा गोष्टींमुळे. बंद कधी होणार याची पक्की तारीख म्हणून कोणाच्या पोस्टवर विसंबू नका, माझ्याही नाही. क्लबच्या बुकिंगच्या पानावर ज्या रात्री उघड्या दिसतात तेवढ्याच खऱ्या.

ताई, हरकतीचं विचारलंत. इंग्लंडात प्लॅनिंगच्या अर्जावर कोणीही लिहू शकतं, त्या शहरातच राहायला पाहिजे असं नाही, फक्त नाव-पत्ता द्यावा लागतो. अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते कौन्सिलच्या साइटवर बघा, मुदत गेली असेल तर तिथल्या नगरसेवकांना मेल करा. "आम्हाला ही जागा फार आवडते" याला वजन नाही. पूर, झाडं, वाहतूक, इमारतींची उंची आणि पर्यटनाची सोय जाणं, याला आहे. तुमच्या सासूबाईंची गोष्ट मात्र नक्की लिहा, पण अशी लिहा: फार चालता न येणाऱ्या माणसाला गाडीशिवाय शहराच्या मध्यापर्यंत पोचता येणारी मुक्कामाची जागा जातेय आणि तिच्या बदल्यात काही दिलेलं नाही. मग ती सोयीची गोष्ट होते.

भाड्याची_खोली

पूररेषा, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ६६ कुटुंबांना घर मिळणार पण पाणी आलं की बाहेर पडायला वाट आहे का हाच प्रश्न असेल, तर मग मी घाईने बोललो. घरं पाहिजेत यावर मात्र ठाम आहे. त्याच कंपनीने कमी धोक्याच्या जागेवर आधी बांधावीत, तिथे मी सगळ्यात पुढे सही करेन.

हुक_आणि_दोर

माझी हरकत आता परत लिहायला हवी. बरं झालं सांगितलंत, मी तो हुकचा मुद्दा ठळक करून टाकला होता. आणि रस्त्याकडेला राहणाऱ्यांचं भाड्याची_खोली म्हणाले ते खरं आहे. क्लबच्या साइटचं एका रात्रीचं भाडं त्यांना परवडणारं नाही, त्यामुळे ही साइट राहिली काय गेली काय, त्यांना फरक पडत नाही. त्यांना पाणी, संडास आणि कचऱ्याची सोय असलेली स्वस्त जागा वेगळीच पाहिजे.

डिझेल_२०१२

एक व्यवहाराची गोष्ट, ताई सासूबाईंना घेऊन येणारच असाल तर. ब्रिस्टलमध्ये नोव्हेंबर २०२२ पासून क्लीन एअर झोन आहे, म्हणजे जास्त धूर सोडणारी गाडी चालवली तर पैसे भरावे लागतात असा शहराचा मधला भाग. डिझेल गाडी युरो ६ (धुराचं मानक) च्या खालची असेल तर लहान गाडीला दिवसाला ९ पौंड लागतात, मोठ्या जड गाड्यांना १०० पर्यंत. मोटरहोम कुठल्या प्रकारात धरतात ते गाडीच्या कागदावर कसं नोंदलंय त्यावर जातं, म्हणून सरकारच्या साइटवर नंबर टाकून आधीच बघा. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री धरतात. गाडी झोनमध्ये नुसती उभी असेल तर पैसे नाहीत, चालवली त्या दिवशीचेच. म्हणजे येतानाचा आणि जातानाचा धरा, मधले दिवस चालत फिरा. बंदराकडे यायच्या काही वाटा झोनमधून जातात, नकाशा बघून वाट ठरवा. आमची जुनी गाडी, मला हे माहीत नव्हतं, मधल्या दिवशी फक्त पाण्याचे कॅन आणायला गाडी बाहेर काढली आणि तेवढ्याचे पैसे गेले.

पायरीवरचा_चहा

सगळ्यांचे मनापासून आभार. पूररेषा, तुम्ही सांगितलंत तसं लिहायला बसले, पहिल्या खर्ड्यात चार परिच्छेद नुसते जहाजाचेच झाले होते, ते काढले. आता त्यात सासूबाईंचं वय, त्यांना एका दमात किती चालता येतं, साइटपासून जहाजापर्यंत किती अंतर आणि वाटेत किती ठिकाणी बसावं लागलं एवढंच आहे. शिवाय नवीन जागा हातात नसताना जुनी काढू नका हे एक वाक्य. घरांच्या विरोधात काहीही लिहिलेलं नाही, भाड्याची_खोली, तुमच्या मुलीचं वाचल्यावर ते लिहवलंच नसतं.

बुकिंगचं पान रोज सकाळी उघडतेय. काल मधल्या वारी दोन रात्री लागून मिळाल्या, घेऊन टाकल्या. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "ते काचेचं पाणी परत बघायचं का?" हो म्हटलं.

दुसऱ्या शहरांचं अजून कोणीच सांगितलं नाहीये, तेवढं राहिलंय बघा.

हुक_आणि_दोर

यॉर्कला क्लबचीच साइट आहे, राउनट्री पार्कजवळ. नदीकाठाने चालत गावात जाता येतं, रस्ता सपाट आहे, आईंना झेपेल. पण ऊझ नदीला पूर येतो, हिवाळ्यात जाऊ नका, आणि कधीही गेलात तरी निघायच्या आदल्या दिवशी साइटला फोन करून चालू आहे ना ते विचारा. जागा तिथेही लवकर भरतात.