मंगळावरचं घर: छतात शिसं घालू का?

शेवटचं_सेमिस्टर:
आर्किटेक्चरच्या थिसिससाठी मंगळावर चार जणांचं घर करतेय. किरणोत्सर्ग अडवायला छताला 10 सेंमी शिसं दाखवलं, तर गाइड सर "हे वाहून कोण नेणार?" एवढंच म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. वजनाचं पटलं. पण ते सोडलं तर शिसं बरोबर ना? एक्स-रे रूमला तेच असतं. तिथली माती घेतली तर थर किती?

खडूस_पुणेकर:
चार जणांना पार्किंग किती दाखवलंय?

काँक्रीटवाला:
रेडिओथेरपीच्या मशीनसाठी बंकर, म्हणजे जाड भिंतींच्या खोल्या बांधतो, म्हणून बोलतो. एक्स-रेला शिसं उत्तम. मंगळावर त्रास अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा, म्हणजे भन्नाट वेगाच्या प्रोटॉनचा आणि जड अणुकेंद्रांचा. ते शिशावर आपटले की न्यूट्रॉन उधळतात. आमच्याकडेही मोठ्या ऊर्जेच्या मशीनला न्यूट्रॉन निघतात, म्हणून दारात शिशाबरोबर बोरॉन मिसळलेलं पॉलिथिन घालतो. न्यूट्रॉन अडवायला हायड्रोजन लागतो, तो पाण्यात आणि प्लास्टिकमध्ये भरपूर.

मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी गाडीने मोजलेला किरणांचा डोस दिवसाला साधारण 0.67 मिलिसिव्हर्ट. आमच्यासारख्या टीएलडी बॅजवाल्यांची (किरणांचा डोस मोजणारा बिल्ला लावून काम करणाऱ्यांची) वर्षाची सरासरी मर्यादा 20, म्हणजे तिथे महिन्यात खलास. मातीचा पातळ थर फारसा उपयोगाचा नाही, त्यातूनही न्यूट्रॉन निघतात. दोन-तीन मीटर धरा.

आता तुमच्या सरांनी न विचारलेला प्रश्न. तुमचं छत खाली पडणार नाही, वर उडेल! तीन मीटर माती म्हणजे चौरस मीटरला साडेचार टन, पण गुरुत्व 38 टक्के, म्हणून भार आपल्या हिशोबाने 1.7 टन. आत पृथ्वीइतका हवेचा दाब ठेवलात तर तो चौरस मीटरला 10 टनांनी वर ढकलणार, बाहेर जवळपास निर्वात. दाब निम्मा केला तरी 5 टन. काँक्रीट ताणात कच्चं, म्हणून हवा धरणारं कवच वेगळं ठेवा, स्टीलचं किंवा मजबूत कापडाचं. माती पेलणारी कमान त्याच्यावर, स्वतंत्र. कवच फुटलं तरी सगळी माती ती कमान एकटीने पेलेल, तेही गणित दाखवा.

उल्का:
खणायचंच कशाला? मंगळावरच्या आर्सिया मॉन्स ज्वालामुखीच्या उतारावर 2007 मध्ये मार्स ओडिसी यानाच्या चित्रांत सात काळी भोकं दिसलीत, 100 ते 250 मीटर रुंद. खाली लाव्हाच्या नळ्या, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर उरलेले पोकळ बोगदे असतील तर छत फुकटात.

काँक्रीटवाला:
फुकट छत, महागडा जिना. जागाही फार उंचावर, हवा आणखी विरळ, पॅराशूटला धरायला काही नाही. पहिल्या चौघांना मी तिथे पाठवणार नाही.

शेवटचं_सेमिस्टर:
बाप रे, दाबाचं डोक्यातच नव्हतं. सौर वादळासाठी वेगळी खोली हवी का?

काँक्रीटवाला:
तीन मीटर खाली असाल तर नको. पण माती टाकून होईपर्यंत चौघं यानातच राहणार, तिथे हवी. मे 2024 च्या वादळात क्युरिऑसिटीपाशी कुणी उभं असतं तर 8,100 मायक्रोग्रे बसले असते, छातीचे 30 एक्स-रे धरा. पाण्याच्या टाक्या झोपायच्या जागेभोवती घ्या. आणि मातीतून जाणारे पाइप सरळ वर काढू नका, किरण थेट आत येतात, वाकवून न्या. बंकरमध्ये आमची निम्मी भांडणं एसीवाल्याच्या सरळ भोकावरून होतात.

सेक्शन काढून इथे टाका, बघतो. स्केल लिहा मात्र.